लेकीचा वाटा

उसाची शेवटची गाडी फडातून निघाली, की पुढच्या रविवारी बांधावरच्या म्हसोबाला बकरं पडायचं. बोरुडे वस्तीवर हा नेम कारखाने यायच्या आधीचा, गुऱ्हाळं होती तेव्हापासूनचा. शहाण्णव साली शेवटची गाडी माघात निघाली. ती गाडी सोनईच्या रस्त्याला लागलेली मनकर्णाने ओसरीवरून पाहिली. आता रविवार टळणार नव्हता.

रविवारी सकाळपासून ती पाट्यावर वाटण वाटत बसली होती. हात खोबऱ्या-लसणात होते आणि जीव बाहेर लिंबाखालच्या बाजेवर. तिथे थोरला कानिफ पडला होता, काठ्या उशाला लावून. पस्तिशीही न गाठलेला गडी, पण बाजेवरून उठायचं तर दोन्ही हातांनी आपलीच मांडी उचलून खाली सोडावी लागे. त्याची बायको दीपा पोरांना घेऊन दिवाळीला माहेरी गेली, ती गेलीच. सून वाईट नव्हती. तिने निदान तोंडावर सांगितलं होतं, की दारू सुटेल त्या दिवशी येते. कानिफने दारू सोडली ती नगरच्या दवाखान्यातून आल्यावर. ते दीपाच्या कानावर गेलं नव्हतं, किंवा जाऊनही तिचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यात तिची चूक काढायला मनकर्णाकडे तोंड नव्हतं.

म्हसोबाच्या या कंदुरीचं बकरं सगळ्या वस्तीचं असे, गडू मात्र बोरुड्यांच्या थोरल्या घराचा. पितळेचा तो गडू पहिल्या धारेच्या दारूने भरायचा. अर्धा देवाच्या शेंदरावर ओतायचा, उरलेला त्या घरच्या मानकऱ्याने उभ्याने पिऊन टाकायचा. एवढ्यावर भागलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण गडू प्यालेला माणूस मग देवाचा माणूस समजला जाई. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पोर नोकरीला लागलं, की बाटली घेऊन घरधनी मानकऱ्याच्या दारात हजर. दोन थेंब देवाला, बाकी मानकऱ्याला. नको म्हणावं तर देवाचा अपमान, आणि तो बोरुड्यांनीच कसा करावा? तिचे सासरे असे पीत गेले. चाळिशीत त्यांचा उजवा खुबा धरला, मग डावा. मग नवरा मानकरी झाला, श्रीमंत त्याचं नाव, त्याचंही तेच झालं. शेवटची वर्षं त्याला परसाकडेला उचलून न्यावं लागे. आणि आता कानिफ.

वस्तीने याचा अर्थ कधीच लावून टाकला होता. म्हसोबा मानकऱ्याचा पाय घेतो, आणि ज्याचा पाय घेतला तो देवाने पत्करला. सासरे लंगडत वाटेने निघाले की लोक हात जोडत. नवी नवरी असताना मनकर्णाही जोडायची. श्रीमंत पहिल्यांदा लंगडला, त्या दिवशी सासूने आळीत साखर वाटली होती. ती साखर ताटलीत घालून घरोघर नेणारी मनकर्णाच होती. आता ते आठवलं की तिला जेवण जाईना.

दिवाळीनंतर ती कानिफला नगरला हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टर तरुण होते, पण बोलणं सावकाश. त्यांनी खुब्याचा फोटो उजेडाला लावला आणि बोट ठेवून दाखवलं. मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा असतो, तो वाटीत फिरतो म्हणून माणूस चालतो. या गोळ्याला रक्त बारीक वाटांनी जातं. त्या वाटा दारूने बुजल्या, आणि पाटाच्या टेलाला पाणी न पोचलेला ऊस जसा उभ्या उभ्या वाळतो, तसा गोळा वाळून खचला. एका बाजूचा गेलाच होता, दुसऱ्या बाजूचा जायच्या वाटेवर होता. मग डॉक्टरांनी घरात आणखी कुणाचं असं झालंय का विचारलं, आणि मनकर्णाने सासरे सांगितले, नवरा सांगितला.

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. कोण किती प्यायचा, कुणाचं वय काय, सगळं खोदून खोदून विचारलं. तिचा दीर रंगनाथ याला दारू पचतच नसे; एक घोट पोटात गेला की तोंड लालबुंद व्हायचं आणि ओकारी यायची. साठीला आला तरी तो ताठ चालत होता. नणंदेचा नवरा मच्छिंद्र दोन माणसांची प्यायचा आणि अजून चिंचेवर चढून चिंचा झोडायचा. डॉक्टरांनी मान हलवली. दारू पिणाऱ्या सगळ्यांना हे होत नाही, ते म्हणाले. काही घरांच्या रक्तातच काहीतरी असतं, त्या घरातल्या हाडाला दारू लवकर भोवते. ते नेमकं काय, हे अजून कुणाला सापडलेलं नाही, शोध चालू आहे. पण अशी घरं त्यांनी स्वतः पाहिली होती. दीर रक्ताचे, पण पीत नाहीत. नणंदेचे यजमान पितात, पण ते रक्ताचे नाहीत. मनकर्णा शाळेची पायरी चढली नव्हती, पण हे तिला लख्ख कळलं.

मग कानिफला आणखी एका फोटोसाठी आत नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं, धाकटा मुलगा पितो का. नाही म्हटल्यावर म्हणाले, त्याला शिवू देऊ नका.

"आणि घरच्या मुलीच्या पोटचं कुणी आहे?"

"नणंदेचा ल्योक हाय. पन ते दुसरं घर झालं."

"मावशी, रक्त आईकडूनही येतं. तुमच्या सासऱ्यांचा तो नातूच ना? जितका धोका तुमच्या मुलाला, तितका त्याला. त्यालाही सांगा, विसरू नका."

सांगते, म्हणाली ती. येताना एसटीत तिने मनात वाक्यंही जुळवली होती.

पण नणंदेच्या, केशरबाईच्या दारात जाऊन काही सांगायचं म्हणजे सोपं नव्हतं. मच्छिंद्राची जमीन धरणात गेली आणि नणंद नवऱ्या-पोरासकट माहेरच्या वस्तीच्या कडेला येऊन राहिली. वडील वारल्यावर तिने वाटा मागितला. भावांनी गोड बोलून हक्कसोडीवर अंगठा घेतला आणि साडीचोळी करून पाठवली. साडी मनकर्णाने आणली होती. केशरबाईने ती नेसली नाही, आठवडे बाजारात बोहारणीला देऊन भांडं घेतलं, आणि ते भांडं मुद्दाम मनकर्णाच्या समोर घासायची. अशा बाईला जाऊन सांगायचं, की जमीन नाही पण आमच्या घरचं दुखणं तुझ्याकडे आलंय? आज सांगू, संक्रांत झाल्यावर सांगू, असं करता करता माघ उजाडला होता. शिवाय पोरगा कुठे पीत होता? गहिनीनाथ पंचविशीचा, कुस्तीचा नाद असलेला, बापाचं पाहून दारूला नाक मुरडणारा. घाई नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

दुपार कलल्यावर माणसं बांधाकडे निघाली. कानिफला कसं न्यायचं हा प्रश्न होता, तो गहिनीने कुणी न सांगता सोडवला. आला, बाजेपुढे पाठ करून उकिडवा बसला आणि म्हणाला, "बस दादा. उगं काठ्या आपटीत कवा पोचनार तू?" कानिफ हसला, किती तरी दिवसांनी. गहिनीने त्याला पाठंगुळी घेतलं आणि नांगरलेल्या रानातून ढेकळं तुडवीत निघाला. मागून मनकर्णा गडू घेऊन. गडू मानकऱ्याच्या घरच्या बाईने भरून आणायचा असे, आणि दीपा नव्हती.

बाभळीखाली माणसं जमली. बकरं कापून झालं होतं, चुलवणावर पातेलं चढलं होतं. रंगनाथ देवापुढे उभा राहिला. आयुष्यभर त्याला एक सल होता. देवाने आपल्याला पत्करलं नाही, घोटसुद्धा पोटात राहू दिला नाही. त्यात त्याला मुलीच. म्हणून मानाची काळजी त्याला इतरांपेक्षा जास्त. कानिफचं अंग चालत नाही, रीतीप्रमाणे मान पाठच्या भावाकडे जातो, असं त्याने थोडक्यात सांगितलं आणि योगेशला पुढे बोलावलं.

योगेश तेवीस वर्षांचा, दूध डेअरीत कामाला. त्याला हे नको होतं, हे त्याच्या मानेवरूनच दिसत होतं. पण चुलत्यापुढे बोलायची त्या घरात कुणाला सवय नव्हती. तो पुढे आला आणि त्याने आईकडे हात केला.

मनकर्णाने गडू दिला नाही.

"योगेश न्हाई प्यायचा, भावजी," ती म्हणाली.

इतक्या माणसांत ती आजवर कधी बोलली नव्हती. पण एकदा तोंड उघडल्यावर तिने सगळं सांगितलं. गोळा, रक्त, वाळलेला ऊस. हा देवाने घेतलेला पाय नाही, दारूने घेतलेला आहे. सासऱ्यांचा, मालकांचा आणि समोर बसलेल्या कानिफचा. सांगता सांगता तिचा आवाज फाटला आणि तिने तो सावरायचा प्रयत्नही केला नाही.

मग खालच्या आळीतलं कुणीतरी म्हणालं, दारूने पाय जातो तर मच्छिंद्राचा कसा नाही गेला? माणसं हसली. मच्छिंद्रही हसला आणि त्याने आपली मांडी थोपटून दाखवली. त्यावर मनकर्णाने डॉक्टरांचं म्हणणं पुढे केलं. दाजी या घरच्या रक्ताचे नाहीत. भावजी रक्ताचे आहेत पण पीत नाहीत. रक्त आणि दारू दोन्ही एका अंगात आलं, की पाय गेला. बघा तुमीच मोजून.

लोकांनी मोजलं. मोजलेलं पटत होतं, म्हणून माणसं आणखी चिडली. रंगनाथचं तोंड दारू न पिताच लाल झालं. आमचं रक्त नासकं आहे असं तुला म्हणायचंय का, असं त्याने वहिनीला विचारलं. खालच्या आळीचे पुढारी म्हणाले, थोरल्या घराला झेपत नसेल तर आमच्याकडे द्या मान, आमच्यात पायांची कमी नाही. हे ऐकल्यावर रंगनाथ योगेशकडे वळला.

"योग्या, आईचं लुगडं धरून बसतो का घराण्याचं नाव राखतो?"

योगेशने आईकडे पाहिलं, मग माणसांकडे. त्याचा चेहरा पडला. "दे आई," तो हळूच म्हणाला. "एक दिवसाचा तर प्रश्न हाय." कानिफ बांधावर बसल्या जागी ओरडला, की मलाही 'एकच दिवस' असंच म्हणाले होते. पण त्याचं कुणी ऐकलं नाही. लंगडा मानकरी जुना झाला होता.

तेव्हा बायकांतून केशरबाई उठली. पदर खोचून ती माणसांत आली.

"वैनी म्हनत्यात ते खरं धरू," ती म्हणाली. "रक्त बोरुड्यांचं नगं, आन मान घराबाहेर जायला नगं. मग माझ्या गहिनीला द्या. त्यो बापाच्या रक्ताचा. बाप बघा कसा खडखडीत हाय."

मच्छिंद्राने पुन्हा मांडी थोपटली. रंगनाथ म्हणाला, लेकीच्या पोराला मान देण्याची रीत नाही.

"रीत, रीत. जमिनीत टाळलंत, घरात टाळलंत. समद्यात लेकीला टाळलंत, दादा. एवढं तरी माझ्या पदरात घाला."

रंगनाथ घुटमळला. एकीकडे खालची आळी, दुसरीकडे भाचा. भाचा म्हणजे निदान आपल्या बहिणीचा, आपल्याच वस्तीवरचा. त्याने दाढी खाजवली, दोन-चार म्हाताऱ्यांशी कुजबुजला, आणि बघता बघता सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. एवढी साधी गोष्ट आधी कुणाला कशी सुचली नाही? बापाचं आडनाव पोराला, बापाची जमीन पोराला, तसं बापाचं रक्त पोराला. लेकीकडून काही जात नाही, हे त्या वस्तीला लहानपणापासून पाठ होतं. गहिनीला विचारलंच नाही कुणी. तो आईकडे बघत होता आणि आईचा चेहरा त्याने असा फुललेला आजवर पाहिला नव्हता. तो पुढे आला.

"वैनी, गडू तुमच्या हातात हाय," रंगनाथ म्हणाला. "तुमची हरकत न्हाई ना?"

मनकर्णाच्या जिभेवर शब्द आले होते. रक्त आईकडूनही येतं. एवढंच बोलायचं होतं. पण ते बोललं की केशरबाई पोराला मागे ओढणार, आणि गडू फिरून योगेशपाशी येणार. योगेशने एकदा हात पुढे केला होता, दुसऱ्यांदाही करेल. तिने त्या पोराला पोटात वाढवलं होतं, गोवरात सांभाळलं होतं, बापाला उचलून नेताना त्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. गहिनी समोर उभा होता, कानिफला वाहून आणल्यामुळे घामाने भिजलेला. त्याच्या पायांना ढेकळांची माती लागली होती. तिने त्या पायांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"माझी कसली हरकत," ती म्हणाली आणि गडू त्याच्या हातात दिला.

गहिनीने अर्धा गडू देवावर ओतला. उरलेला तोंडाला लावला तेव्हा पहिल्या घोटालाच त्याला ठसका लागला आणि माणसं हसली. पण पैलवान गडी. दम धरून त्याने गडू रिकामा केला आणि मनगटाने तोंड पुसलं. हलगी वाजू लागली. खालच्या आळीचा एक जण आपली बाटली घेऊन लगेच पुढे आला. त्याच्या बैलजोडीचं काहीतरी निमित्त होतं.

जेवणाच्या पंगती बसल्या. वाढून झाल्यावर केशरबाई आपली पत्रावळ घेऊन मनकर्णापाशी येऊन टेकली. किती वर्षांनी ती अशी जवळ बसली होती, कुणास ठाऊक. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुमी मनात आनलं असतं तर आडकाठी घातली असती, वैनी," ती म्हणाली. "घातली न्हाई. आज माझ्या लेकराला माझ्या माहेराचा वाटा मिळाला."

असं म्हणून तिने आपल्या पत्रावळीतला चांगला तुकडा उचलून मनकर्णाच्या पत्रावळीत ठेवला. मनकर्णाने तो खाल्ला. न खाऊन कसं चाललं असतं?

दिवस बुडता बुडता गहिनीने कानिफला पुन्हा पाठीवर घेऊन घरी आणलं. आता त्याचं पाऊल थोडं इकडेतिकडे पडत होतं आणि तो मोठमोठ्याने बोलत होता. कानिफला रात्रीसाठी ओसरीत आणलेल्या बाजेवर ठेवून, मामीच्या पाया पडून तो गेला. योगेश आधीच येऊन कांबळं ओढून झोपला होता. आईशी तो एक शब्द बोलला नव्हता, पण त्याचा श्वास शांत चालला होता, आणि तेवढ्यासाठीच तर सगळं केलं, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं.

कानिफ जागा होता.

"आई, मला आत फोटूला न्हेलं तवा डॉक्टर तुला काय म्हनला?"

"तुझ्या औषधाचं सांगितलं."

"आत्याकडच्यांचं काय इचारलं न्हाई?"

"न्हाई," ती म्हणाली.

आजवर त्या घरात कानिफ एकच तिच्या बाजूने उभा राहिला होता. मग दोन्ही हातांनी मांडी उचलून त्याने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर मनकर्णाला एक खोड लागली. गहिनी वाटेने निघाला, की हातातलं काम टाकून ती ओसरीच्या कडेला येऊन उभी राही. तो पाणंदीच्या वळणाआड होईपर्यंत बघे. उजवा पाय, डावा पाय. कधी त्याच्या खिशात बाटली असे, कधी पोटात. एकदा चपलेत खडा गेला म्हणून तो चार पावलं लंगडला, तर ती ओसरीवरून खाली उतरली. त्याने चप्पल झटकली आणि सरळ चालू लागला.

केशरबाई हे सगळं पाहत होती. विहिरीवर बायकांना ती कौतुकाने सांगायची, "आमच्या वैनीचा लई जीव हाय माझ्या गहिनीवर. त्यो दिसला का निस्ती बघत ऱ्हाती."